पीळ

अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परतलेल्या माणसाकडे पुण्यातले लोक, काशीला जाऊन विश्वेश्वराचे दर्शन न घेता आलेल्या यात्रेकरूकडे पाहावे तसे पाहतात. २०२३ च्या जूनमध्ये मी तीन आठवडे अमेरिकेत राहिलो आणि नायगारा पाहिला नाही. पाहिला तो एक घाट, आणि तोही एका मालवाहू गाडीच्या काचेतून. पाठीमागच्या ट्रेलरमध्ये ताईचा अकरा वर्षांचा संसार दोरखंडांनी आवळून बांधलेला होता.

ताई कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला, ग्रँड जंक्शन नावाच्या गावी राहत असे. नाव ऐकून माझ्या डोळ्यांपुढे मनमाड उभे राहिले होते. प्रत्यक्षात हे जंक्शन नद्यांचे निघाले. कोलोरॅडोच्या वरच्या प्रवाहाला १९२१ पर्यंत ग्रँड नदी म्हणत, आणि तिला इथे गनिसन येऊन मिळते. संगम आहे, पण देऊळ नाही की नारळवाला नाही.

भावोजींनी नोकरी बदलली आणि बिऱ्हाड डेन्व्हरला हलवायचे ठरले, ते नेमके माझ्या मुक्कामात. पाहुणचार म्हणून माझ्या वाट्याला खोकी बांधणे आले. सामान हलवणाऱ्यांनी सांगितलेला आकडा ऐकून भावोजी दोन दिवस मुकाट्याने जेवत होते. तिसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारबा कुंपणापाशी आले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ; सारा जन्म घोडे आणि गवताचे भारे वाहण्यात गेलेला. म्हणाले, "ट्रेलर भाड्यानं मिळतो. ओढायला माझी गाडी आहे. पैसे कशाला घालवता?" ताई-भावोजी मुलांना घेऊन आपल्या मोटारीने पुढे गेले आणि मी म्हातारबांच्या शेजारी, ट्रेलरचा राखणदार म्हणून बसलो.

पिकअप म्हटले की आपल्याला मार्केट यार्डात कोबीची पोती उतरवणारी गाडी आठवते. म्हातारबांची गाडी त्या जातीची नव्हती. रॅम २५००, सन २०२०. नुसतीच उभी असताना तीन टनांच्या वर भरेल, आणि सुमारे नऊ टनांचा ट्रेलर ओढू शकेल. तिकडच्या जुन्या बोलीत या वर्गाला 'पाऊण टनी' म्हणतात; आपल्याकडे सहा फुटी पैलवानाला घरी 'बाळू' म्हणतात त्यातला प्रकार. आत चढायला पायरी, आणि पायरीवर चढायलाही मनाची तयारी लागते. पुढे ६.७ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन. हा आकडा मलाही काही सांगेना, तेव्हा मी मनाशी हिशेब केला. एकेक सिलिंडर अकराशे घन सेंटिमीटरच्या वर. आमच्या घरात आलेल्या पहिल्या मोटारीचे, म्हणजे मारुती ८०० चे, सबंध इंजिन ७९६ चे होते!

पण मी थबकलो तो या आकड्यांनी नव्हे. दाराजवळच्या पत्र्यावर इंग्रजीत एक नाव होते : कमिन्स. ती अक्षरे मी वाचायला शिकलो तीच मुळी अण्णांच्या डब्याच्या पिशवीवर.

अण्णा कोथरूडच्या कारखान्यात छत्तीस वर्षे होते. १९६२ साली किर्लोस्करांनी अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीच्या भागीदारीत तो काढला. मूळ कंपनी इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची. क्लेसी कमिन्स नावाच्या एका मोटारचालकाने आपल्या बँकवाल्या धन्याच्या पैशावर १९१९ साली सुरू केलेली. ही गोष्ट अण्णा इतक्या वेळा सांगत, की आम्हा मुलांना शिवाजी अफझलखानाला भेटला ती आणि क्लेसीला धन्याने पैसे दिले ती, या दोन्ही घटना सारख्याच पाठ होत्या. अण्णा स्वतः मात्र अखेरपर्यंत सायकलवर हिंडले. मी अभियांत्रिकीला जावे अशी त्यांची इच्छा होती. गुणही तेवढे होते. मी मराठी घेतले. त्यावर ते एवढेच म्हणाले, "जे करशील ते सैल ठेवू नकोस." पुढे कारखान्याबद्दल त्यांनी माझ्यापाशी बोलणे कमी केले आणि मी विचारणे बंद केले.

एकदा मात्र मीच गेलो होतो. कॉलेजच्या कामासाठी तांत्रिक शब्दांना मराठी प्रतिशब्द जमवत होतो आणि 'टॉर्क'पाशी अडलो होतो. अण्णा म्हणाले, "पीळ म्हण की." मी हसलो. तेव्हा ते उठून एक फूटभर लांबीचा पाना घेऊन आले. "याच्या टोकाला एक पौंड वजन टांगलं की नटाला जेवढा पीळ बसतो, तो एक पौंड-फूट. हॉर्सपॉवर सांगते गडी किती झपाट्यानं काम उरकेल. पीळ सांगतो तो जागचा हलवू शकेल की नाही. घोडा आणि बैल." मी शब्द टिपून घेतला आणि पाना पाहायचा राहिला.

म्हातारबांच्या इंजिनाला ३७० घोड्यांची शक्ती आहे. ती आज पुष्कळ गाड्यांना असते. पण पीळ ८५० पौंड-फूट. म्हणजे अण्णांच्या त्या पान्याच्या टोकाला जवळजवळ चार क्विंटल! आणि तोही इंजिन मिनिटाला अवघे सतराशे फेरे घेत असताना. याच कुळातले पहिले इंजिन १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये बसवले गेले, त्याची शक्ती १६० आणि पीळ ४०० होता. म्हातारबांकडे तीही गाडी होती म्हणे. तिच्याबद्दल ते विकलेल्या गाईबद्दल बोलावे तसे बोलत.

ग्रँड जंक्शन ते डेन्व्हर सुमारे २४० मैल. वाटेतल्या ग्लेनवुड कॅन्यनचे वर्णन मी करणार नाही. १९९२ मध्ये तिथला महामार्ग पुरा झाल्यापासून ते अनेकांनी माझ्याहून बरे केले असेल. व्हेलची खिंड साडेदहा हजार फुटांच्या वर आहे, तीही गाडीने बोलता बोलता ओलांडली. मग सिल्व्हरथॉर्नला डिझेल घ्यायला थांबलो. तिथे मी म्हातारबांना अण्णांविषयी सांगितले. हे इंजिन इंडियानातले, कोथरूडचे नव्हे, आणि अण्णांच्या हातची इंजिने याहून कितीतरी मोठी, जनित्रांची नि खाणीतल्या डंपरांची. पण कुळ एकच. म्हातारबांचा चेहरा खुलला. त्यांनी विचारले, "त्यांचं तिथं काम काय होतं?"

"इंजिनं जोडत असत."

"ते झालंच. पण कोणतं काम? इंजिन काही एकटा माणूस जोडत नाही."

मला सांगता आले नाही. छत्तीस वर्षे! त्यांची पाळी, त्यांचा बसथांबा, त्यांच्या डब्यातली भाजी, सारे ठाऊक होते. सकाळी सातपासून त्यांचे हात काय करत, तेवढेच ठाऊक नव्हते. म्हातारबा पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी गाडी सुरू केली.

सिल्व्हरथॉर्न नऊ हजार फुटांवर. तिथून आठेक मैलांत महामार्ग आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी, ११,१५८ फुटांवर चढतो. काही ठिकाणी शंभर फुटांना सात फूट. डेन्व्हर शहरच मुळी आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे, आणि हा बोगदा कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश उरतो. माणसाला दम लागतो तसा इंजिनालाही लागतो, कारण इंधन जळायला हवा पुरत नाही. म्हणून टर्बो असतो : बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि विरळ हवा कोंबून आत भरतो. याच चढावर वजनदार ट्रेलर जोडून तिकडचे हौशी लोक नव्या पिकअपची परीक्षा घेतात. मोठमोठे मालट्रक उजव्या कडेने दिवे उघडझाप करीत गोगलगाईसारखे चढत होते. आमची गाडी पंचावन्न मैलांच्या वेगाने, सामानाने भरलेला ट्रेलर घेऊन, त्यांच्या शेजारून निघाली. मी इंजिनाच्या किंकाळीची वाट पाहत होतो. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात एस.टी. जशी विव्हळत असे, तशी. ती आलीच नाही. फक्त एक जाड, खालच्या पट्टीतला घुमारा पायांखालून येत राहिला. जूनमध्येही डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होते. मी त्याच्याकडे पाहत होतो खरा, पण मनात एकच चालले होते : अण्णा नेमके काय करत?

बोगद्याचा पहिला मार्ग १९७३ मध्ये उघडला, दुसरा १९७९ मध्ये. लांबी पावणेदोन मैलांच्या आसपास. पलीकडे उतार. मला वाटले, कठीण भाग संपला. म्हातारबा म्हणाले, "चढ गाडीचा असतो, उतार ड्रायव्हरचा." त्यांनी पुढचे एक बटण दाबले आणि कुणीतरी मागून गाडीचा पदर धरावा तसे झाले. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनासारखे आपण होऊन गाडीला फारसे रोखत नाही. म्हणून इथे त्या टर्बोचीच पाती मिटून धुराची वाट अडवतात. कोंडलेल्या धुराशी झुंजताना इंजिनच ब्रेक बनते आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. हे न करता ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापून निकामी होतात. असे बेफाम सुटलेले ट्रक रुतून थांबावेत म्हणून या डोंगरांत वाळू-खडीच्या चढत्या वाटा केलेल्या आहेत.

डेन्व्हर जवळ आल्यावर पाट्या लागल्या. सरकारी पाटीत वाङ्मय नसते हा माझा समज तिथे गळाला. एक पाटी ट्रकवाल्यांना बजावते, फसू नका, अजून चार मैल उतार आणि वळणे आहेत. पुढची सांगते, अजून तुम्ही खाली पोचलेला नाहीत. आमच्या विभागातल्या एकाही कवीला इतक्या थोड्या शब्दांत इतकी धास्ती निर्माण करता येत नाही!

संध्याकाळी ट्रेलर रिकामा झाला. ताईने सर्वांआधी पाटा-वरवंटा शाबूत आहे ना ते पाहिले. जेवणे झाल्यावर मी तिला विचारले, "ताई, अण्णा कारखान्यात नेमकं काय करायचे गं?"

ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "मेन बेअरिंगच्या कॅप कसायचे. क्रँकशाफ्ट बसवला की त्याला धरून ठेवणाऱ्या. टॉर्क पाना असतो ना, ठरलेला पीळ बसला की 'टक्' वाजतो, तो घेऊन. एकदम नाही कसायचं; आधी थोडं, मग थोडं, ठरलेल्या क्रमानं. आपल्याला नेऊन दाखवलं होतं की एकदा."

"आपल्याला?"

"तूही होतास. आइस्क्रीमसाठी रडत होतास."

सकाळी म्हातारबा परत निघाले. पैसे घेईनात, डिझेलचेही कसेबसे घेतले. गाडी सुरू झाल्यावर मी खिडकीशी जाऊन त्यांना अण्णांचे काम सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, बॉनेट उघडले आणि बोटाने अगदी तळाकडे दाखवले.

"तिथं, खाली. दिसायचं नाही. याला सात कॅप असतात. प्रत्येक धक्का शेवटी तिथंच जातो."

खरेच काही दिसत नव्हते. नळ्या, तारा आणि धूळ. ताई बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन बाहेर येईपर्यंत आम्ही दोघे तसेच वाकून पाहत उभे होतो.