दहा फुटी रॉड आणि आईची शिट्टी

तुम्ही म्हणाल, नाशिकच्या पोरीला वीकेंडला करायला काय कमी आहे? मिसळ आहे, वायनरी आहे, पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, त्र्यंबक रोडची बाईक राईड आहे. सगळं करून झालंय हो! मला मात्र गेल्या वर्षी वेगळंच खूळ लागलं. कयाकमध्ये बसून फ्लाय फिशिंग करायचं. म्हणजे इवल्याशा होडीत बसायचं आणि पिसं-दोऱ्याच्या नकली माशीने खरा मासा पकडायचा.

घरी सांगितलं तेव्हा आईने फक्त पोळपाट बाजूला सरकवला. आमच्याकडे मासा शिजत नाही, पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न पाण्याचा होता.

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, कॉलेजात असताना मित्रांबरोबर गोदावरीत पोहायला गेला आणि परत आलाच नाही. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय. आई आजही रामकुंडावर आली की वरच्या पायरीवरूनच नमस्कार करते. पावसाळ्यात सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला धावतं, आई टीव्ही बंद करते. मला पोहायला शिकवलं ते बाबांनी, तिला न सांगता. अशा घरातली मी कयाक घ्यायला निघाले होते!

‘अगं, आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ बघ,’ मी पटवायला लागले. ‘दुष्काळी भागातला मुलगा. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला रोइंग केलं, 2018 ला एशियन गेम्समध्ये टीमबरोबर गोल्ड आणलं.’

‘तो मिलिटरीत आहे. तू लेख लिहितेस,’ आई म्हणाली. विषय संपला.

तरीही मी गेले. मित्राची कयाक आणि त्याचाच नऊ फुटी फ्लाय रॉड. परवानगीचे सोपस्कार केले, कारण धरणाच्या पाण्यात मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, सकाळचे सात, पाणी एकदम आरसा. सॉलिड फीलिंग!

आता थोडा फंडा सांगते. साध्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं. त्यामुळे इथे फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. माशी नुसती मागून जाते. लाइन आधी डोक्यावरून मागे फेकायची, हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे. उभं राहून हे झक्कास जमतं. पण कयाकमध्ये तुमची बैठक पाण्याच्या जेमतेम वर. मागे गेलेली लाइन सारखी पाण्यावर आपटत होती. फट्! फट्! चार वेळा झालं, पाचव्यांदा वैतागून मी उभी राहिले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कयाक एकीकडे, मी दुसरीकडे. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून बुचासारखी वर आले. रॉडही तरंगत्या दोरीने बांधलेला होता, तो वाचला. वाचलं नाही ते माझं खोटं. ओले केस आणि चिखलाची पॅन्ट बघून आईने काही विचारलं नाही. दोन दिवस बोललीच नाही.

तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, ‘उभी का राहिलीस?’

मला वाटलं होतं ती ‘का गेलीस’ विचारेल. मी सगळं सांगितलं. तरी तिला कळेना, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसले आणि माशी न बांधता लाइन फेकून दाखवली. मागे फरशीवर फट्. वॉचमनकाका हसले. मग उभी राहून फेकली, लाइन मस्त हवेत. आई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत होती. म्हणाली, ‘मग काठीच लांब घे ना. बसून जमेल अशी.’

जे मला नेटवर तासन् तास बसून कळलं नव्हतं, ते आईने कपडे वाळत घालता घालता सांगितलं!

मग सुरू झाली खरी शोधाशोध. बहुतेक फ्लाय रॉड नऊ फुटी. दहा फुटी घेतला तर बसल्या जागी लाइन फूटभर उंच राहते. शिवाय मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे पळाला, तर लांब रॉडचं टोक पुढून फिरवून आणता येतं. तोटेही आहेत. वाऱ्यात हात भरून येतो. मासा जवळ आला की रॉडचं टोक लांब आणि तुमचा हात आखूड. अशा वेळी रॉड उभा ताणला तर टोक मोडू शकतं. उपाय म्हणजे दोरा थोडा आखूड ठेवायचा आणि जाळी जवळ ठेवायची.

मग ‘वेट’. हा रॉडच्या वजनाचा नाही, त्याला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा आकडा. पहिल्या 30 फूट लाइनचं वजन 5 नंबरला साधारण 9 ग्रॅम, 8 नंबरला साडेतेरा. मला 8 चा मोह होता, कारण डोक्यात महसीर होता! आपला दख्खनी महसीर शास्त्रात नोंदला गेला तोच मुळी पुण्याच्या मुळा-मुठेतून, 1839 मध्ये. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली. पण माझ्या गळाला लागणार होती चिलापी, फार तर एखादी मरळ. स्वप्नासाठी दिवसभर जड रॉड हलवायचा का? मी 7 वर थांबले. अतिकडक रॉडही टाळला, कारण थोडा नरम रॉड जवळच्या फेकीतही नीट वाकतो आणि बसून फेक जवळचीच असते. चार तुकड्यांचा घेतला. दहा फुटी रॉड अडीच फुटांत मावतो, स्कूटीवर नेता येतो. दोन लेखांचं मानधन गेलं. फ्रीलान्सरला ते किती लागतं, विचारू नका!

आईची अट एकच. बाजारातून तिने स्वतः शिट्टी आणली आणि लाइफ जॅकेटला बांधली. ‘दर पंधरा मिनिटांनी वाजवायची. आणि उभं राहायचं नाही.’

पहिल्या रविवारी ती बरोबर आली. पाण्यापासून चांगली लांब, झाडाखाली थर्मास घेऊन बसली. मी बसून फेकत होते आणि लाइन हवेत राहत होती! तासाभराने एक वीतभर चिलापी लागली. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे 1952 मध्ये आणलेली आणि इथल्या माशांच्या जिवावर वाढलेली. म्हणून ती परत न सोडता जाळंवाल्या काकांना दिली.

‘एवढ्याशा माशासाठी?’ आई म्हणाली. पण घरी येताना तिने विचारलं, पुढच्या वेळी किती वाजता निघायचं.

अजून ती पाण्याजवळ येत नाही. मी शिट्टी वाजवली की उभी राहून टॉवेल हलवते आणि परत बसते. मित्र म्हणतात, असल्या आवाजाने मासे पळतील. पळू देत!