हौद आपोआप भरावा, पण बेताने

डास होऊ नयेत म्हणून अंगणातल्या हौदात गप्पी मासे सोडणारी घरे खेडोपाडी पुष्कळ आहेत. आमचेही त्यांतलेच. उन्हाळ्यात हौदाचे पाणी रोज थोडे उडते. सगळी माणसे रानात गेल्यावर ते भरायचे कोणी?

विजेवरचा पंप वीज गेली की गप्प बसतो. बॉलकॉक विजेविना चालतो. पण त्यात कचरा अडकला तर पाणी वाहतच राहते. म्हणून साधन निवडताना, ते बिघडले तर किती पाणी जाईल, हे आधी पाहावे. आम्ही बॉलकॉक मोठ्या टाकीला न जोडता उंचावर ठेवलेल्या वीस लिटरच्या डब्याला जोडला. हौदाच्या काठाशी तेवढ्या पाण्याची जागा मोकळी ठेवली. कॉक बिघडला तरी टाकी रिकामी होत नाही, मासेही वाहून जात नाहीत.

डब्याच्या तोंडाला फडके बांधा, नाहीतर डास तिथेच अंडी घालतील. ब्लीचिंग पावडरचे पाणी माशांना सोसत नाही. ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच डब्यात ओता. पाणी उडते, पण क्षार मागे राहतात. तेव्हा अधूनमधून दोन बादल्या काढून झाडांना घाला.