दिव्याची दोन टोकं

जुन्या डिझेल जीपच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र उजळलं, की बहुतेक वेळा पहिल्यांदा बॅटरी बदलली जाते. तरीही दिवा विझला नाही, तर मग डायनमो. (अल्टरनेटरला आपल्या गॅरेजांत आजही डायनमोच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) दोष त्या चित्राचा आहे. चित्र बॅटरीचं असलं तरी दिवा बॅटरीची तब्येत मोजत नाही, आणि डायनमोचीही पूर्ण मोजत नाही. त्याला कळतो तो फक्त आपल्या दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक. माझं म्हणणं असं, की एवढी गोष्ट मनात पक्की असेल, तर दिवा कधी लागतो, कधी लागत नाही आणि किती उजळ लागतो यावरूनच निम्मं निदान होतं. ती नसेल, तर नुसते सुटे भाग बदलण्यात पैसे जातात.

दिव्याच्या एका टोकाला किल्लीच्या स्विचमधून आलेली बॅटरीची वायर असते. दुसरं टोक डायनमोच्या छोट्या टर्मिनलला जातं. बनावटीप्रमाणे त्यावर ‘डी प्लस’, ‘आयएनडी’ किंवा ‘एल’ असं लिहिलेलं असतं. किल्ली फिरवली आणि इंजिन बंद आहे, अशा वेळी करंट दिव्यातून, कार्बन ब्रशांतून, रोटरच्या गुंडाळीतून अर्थला जातो. दिवा लागतो आणि रोटरमध्ये थोडं चुंबकत्व येतं. ३ वॉटचा बल्ब असेल तर हा करंट साधारण पाव अँपिअर. इंजिन सुरू झालं की डायनमोतले तीन छोटे डायोड ‘डी प्लस’ला १४ व्होल्टच्या आसपास देऊ लागतात. दोन्ही टोकं समान होतात आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा नुसता इशारा देणारा नाही, डायनमोला जागं करणाऱ्या सर्किटचा तो एक भाग आहे. बल्ब उडाला तर अनेक गाड्यांत आयडलिंगला चार्जिंग सुरूच होत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रोटरमधल्या शिल्लक चुंबकत्वावर ते कधी तरी उचलतं. हौसेने मीटरमध्ये एलईडी बसवणाऱ्यांना हाच त्रास होतो, कारण एलईडीतून जेमतेम २० मिलिअँपिअर करंट जातो. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर दिवा न लागणं हे तो चालू गाडीत लागण्याइतकंच गंभीर धरावं. बल्ब, वायर, झिजलेले कार्बन यांपैकी काहीतरी तुटलेलं असतं.

दिवा मंद तांबूस पेटत असेल, तर गोष्ट अधिक रंजक होते. पूर्ण उजेड म्हणजे एका टोकाला जवळपास काहीच व्होल्टेज नाही. मंद उजेड म्हणजे दोन्हीकडे व्होल्टेज आहे, पण एक-दोन व्होल्टचा फरक आहे. हा फरक कुठल्या बाजूचा, हे दिवा सांगत नाही, कारण फिलामेंटला करंटची दिशा कळत नाही. डायनमोतला एखादा डायोड गेला असेल, तर ‘डी प्लस’ची बाजू खाली येते. पण किल्लीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील किंवा फ्यूजच्या क्लिपा गंजल्या असतील, तर किल्लीची बाजू खाली येते, करंट उलट्या दिशेने वाहतो आणि चांगला डायनमो बदनाम होतो. मल्टिमीटरने दोन्ही टोकं इंजिन चालू असताना मोजायला दोन मिनिटं लागतात. ती न मोजता डायनमो उतरवणं मला कामचुकारपणा वाटतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दिवा विझलेला असणं हा चार्जिंग ठीक असल्याचा पुरावा नाही. रेग्युलेटर, म्हणजे जुन्या मिस्त्रींच्या भाषेत कटआउट, बिघडून व्होल्टेज १६ वर गेलं, तरी दोन्ही टोकं एकत्रच वर चढतात. दिवा शांत राहतो. बॅटरीतलं पाणी उकळून आटतं आणि हेडलाइटचे बल्ब उडत राहतात. चॅसीवर बांधलेल्या गाडीत इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. त्याला चॅसीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी कोकणातल्या दमट हवेत, ओढ्याच्या पाण्यात नि लाल चिखलात गंजते. मग डायनमोपाशी १४.२ व्होल्ट असले, तरी बॅटरीला १३च्या आसपास मिळतात, आणि दिव्याला याचा पत्ता नसतो. म्हणून बॅटरीच्या थेट खुंट्यांवर मोजावं. इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चालू इंजिनवर, हेडलाइट लावून, १३.८ ते १४.५ हवेत. ते कमी असतील तर इंजिनच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण खुंटीपर्यंतचं व्होल्टेज बघावं. ते ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त भरलं, तर दोष पट्टीत.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: डायनमो बदलल्यावर दिवा विझतो, गाडी चालते, मग एवढी चिकित्सा कशाला? विझतो, हे खरं. पण डायनमो बदलताना टर्मिनल सोडवले जातात, घासले जातात, बेल्ट पुन्हा ताणला जातो. अनेकदा गुण येतो तो या घासण्याचा आणि ताणण्याचा, पैसे मात्र डायनमोचे जातात. दोष पट्टीत किंवा स्विचमध्ये असेल, तर दोनेक महिन्यांत तो परत डोकं वर काढतो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पुढच्या काळातल्या रेग्युलेटरमध्ये ‘एल’ टर्मिनल चिपच्या ताब्यात असतं, आणि काही चिपा जास्त व्होल्टेजलाही दिवा लावतात. तिथे माझा ‘दोन टोकांचा’ हिशेब जशास तसा लागू होत नाही. काही जुन्या जपानी गाड्यांत तर डायनमो गेला की ब्रेकचा दिवाही सोबत लागतो, कारण बल्ब तपासण्यासाठी तो डायोडमार्फत त्याच वायरला जोडलेला असतो. म्हणून आधी आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघावा. पण याने माझा मुद्दा मोडत नाही. सर्किट वाचल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नये, हेच इथेही दिसतं.

तिसरं म्हणणं डिझेलवाल्यांचं: इंजेक्शन पंप मेकॅनिकल आहे, इंजिनाला वीज लागत नाही, दिवा लागला तरी घरापर्यंत जाता येईल. इंजिनापुरतं हे बरोबर आहे, आणि धोका नेमका इथेच आहे. अनेक जुन्या भारतीय डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंप डायनमोच्याच पाठीवर बसवलेला असतो, आणि डायनमो फिरवणारा बेल्टच पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला तर दिवा लागतो, तोच बॅटरीचा. पण थांबलेलं असतं इंजिनातलं पाण्याचं फिरणं आणि ब्रेकची मदत. बूस्टरमधला साठा दोन-चार वेळा पेडल दाबण्यापुरता असतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. वरंध किंवा आंबेनळीच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे चालत्या गाडीत हा दिवा पूर्ण उजेडाने लागला, तर खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकिंगवर वेग उतरवून पहिल्या सुरक्षित जागी थांबावं, इंजिन बंद करावं आणि बॉनेट उघडून आधी बेल्ट बघावा. बेल्ट जागेवर आणि घट्ट असेल, पाण्याचं तापमान नेहमीचं असेल आणि इंजिन पुन्हा चालू केल्यावर ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल, तर उजेडात, हेडलाइट न लावता, जवळच्या गावापर्यंत जायला हरकत नाही. तिथे मल्टिमीटर मागून दिव्याची दोन्ही टोकं मोजावीत.