सार्वजनिक मैदानाची पावती

ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे. शाई जवळजवळ उडाली. उजेडात धरली तर तारखेतले दोन आकडे आणि खाली 'खेळाडू : २' एवढंच वाचता येतं. त्यातला एक खेळाडू मी होतो. दुसऱ्याला त्या दिवशी खेळू दिलं नाही. सहा वर्षं झाली, तरी पाकीट उघडलं की तो प्रकार जसाच्या तसा समोर उभा राहतो.

मी मूळचा नांदगाव खंडेश्वरचा. शिक्षण अमरावतीला, नोकरी बाहेर, दर चार-पाच वर्षांनी बदली. चाळिशीत एका वरिष्ठांनी हातात काठी दिली आणि गोल्फ लागला तो लागलाच. आठवड्यातून दोनदा, पहाटे, पंधरा-सोळा वर्षं. क्लबचं सदस्यत्व मला कधी परवडलं नाही. त्यामुळे फी भरून कुणालाही खेळता येतं अशीच मैदानं शोधत फिरलो, आणि ती आपल्या देशात फार थोडी आहेत. दिल्लीत लाडो सरायला दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० साली कुतुब गोल्फ कोर्स उघडला, तो देशातला पहिला सार्वजनिक कोर्स. आपल्याकडे सिडकोने २०१२ मध्ये खारघरला डोंगराच्या पायथ्याशी केला. सुरुवातीला तिथे अकराच होल होते, पण पावसाळ्यात समोरच्या कड्यांवरून पाणी कोसळत असताना तिथे खेळण्यात जे सुख आहे, ते मला कुठल्याही महागड्या क्लबात मिळेल असं वाटत नाही. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान मात्र निराळंच. नाव गोल्फचं आणि गोल्फचा पत्ता नाही. आता ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं चालायला येतात. तिथे बाकावर बसलो असताना मला वाटलं होतं की हे मैदान खऱ्या अर्थाने सार्वजनिक झालं ते गोल्फ गेल्यावर. गोल्फ खेळणाऱ्या माणसाला हे वाटणं सोपं नव्हतं.

लहानपणी बाबांबरोबर वावरात हरळी खणायला जायचो. हरळी आणि कुंदा हे दोन शत्रू. एक कांडी राहिली तरी पावसानंतर सगळीकडे पसरणार, म्हणून बाबा उन्हाळ्यात मुळं वेचून धुऱ्यावर वाळत टाकायचे. पहिल्यांदा गोल्फच्या मैदानावर वाकून गवत पाहिलं तर तीच हरळी! बर्म्युडा म्हणतात ते आपल्या हरळीच्याच कुळातलं, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं. माणसं लावून, पाणी देऊन, रोज कातरून ती वाढवत होते. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता त्या दिवसाचं सांगतो. शहराचं नाव लिहीत नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांपैकी ते मैदान नाही. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'सार्वजनिक' लिहिलेलं होतं, एवढं पुरे. तिथे असेपर्यंत माझी बॅग एकाच कॅडीने उचलली. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सुरुवातीचे तीन महिने तो माझ्याशी तिथल्या सगळ्यांसारखं गुळगुळीत बोलायचा. एकदा मी ताकद लावून मारलेला चेंडू झाडीत गेला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, काहून येवढा जोर लावून राह्यले?" मी वळून पाहिलं. तो कारंज्याकडचा निघाला, म्हणजे आमच्या शेजारचाच. त्यानंतर आम्ही अठरा होलभर सोयाबीनचे भाव आणि पाऊसपाणी बोलत चालायचो. ग्रीनचा उतार कुठे आहे हे तो तळपायाने ओळखायचा. मला खेळ त्यानेच शिकवला, कोचने नाही.

कॅडींना सोमवारी सकाळी, मैदान बंद असताना, खेळायची मुभा होती. बऱ्याच ठिकाणी ही रीत आहे. तो उत्तम खेळायचा. पण त्याची एक इच्छा होती, ती त्याने खूप दिवसांनी, बुटांवरची माती झाडताना सांगितली. एकदा रीतसर फी भरून, स्कोअरकार्ड घेऊन, आपल्या सुट्टीच्या दिवशी खेळायचं. सोमवारी नाही. मी म्हटलं, यात काय अवघड आहे?

तो आला तेव्हा कॉलरचा निळा टीशर्ट इस्त्री करून घातला होता, बूट धाकट्या मेव्हण्याचे. मी खिडकीवर दोघांची फी भरली, बाबूने एकच पावती फाडली. अडचण आली पहिल्या टीवर. स्टार्टरने त्याला पाहिलं आणि सहज विचारलं, बॅग कुणाची? तो म्हणाला, माझीच. स्टार्टरला वाटलं गंमत करतोय. मग पावती पाहिली, आत फोन लावला, आणि व्यवस्थापक चालत आले.

ते चांगलं बोलले, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आवाज चढवला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, कॅडींसाठी सोमवार आहे. मी म्हटलं, आज तो कॅडी म्हणून आलेला नाही, सुट्टीवर आहे, फी भरली आहे. ते म्हणाले, आज याला सोडलं तर उद्या तीसजण येतील. मी म्हटलं, येऊ द्या की, फी भरूनच येतील ना? मग नियम दाखवा म्हणालो. नियमावली आणली. बूट कसे असावेत, कॉलर हवी, मोबाइल वाजू नये, सगळं लिहिलेलं होतं. कॅडीने फी भरून खेळू नये असं कुठेच नव्हतं. ते पान उलटत राहिले आणि शेवटी म्हणाले, लिहिलेलं नसलं तरी नेहमी येणाऱ्यांना बरं वाटत नाही. कालपर्यंत ज्याने बॅग उचलली त्याच्याशी आज स्कोअर कसा लावायचा? मी म्हटलं, मीही नेहमीच येतो, मला बरं वाटतं. त्यावर त्यांनी चहा मागवला.

असं चाळीस मिनिटं चाललं. मागचे चौघे खोळंबले होते, त्यातला एक घड्याळ दाखवत होता. आणि तो? तो दहा पावलांवर, बॅगेला हात न लावता उभा होता. त्याच्या नव्या कॉलरकडे मला बघवेना. पैसे परत घ्या, पावती द्या, असं बाबू म्हणाला. मी पावती दिली नाही, पैसे घेतले नाहीत. तेवढाच माझा विरोध.

मग तोच जवळ आला. "साहेब, तुमचा टाइम जाऊन राह्यला. खेळा तुम्ही." आणि त्याने माझी बॅग खांद्यावर घेतली.

आणि मी खेळलो. इतकी वर्षं मी हे सांगताना व्यवस्थापकांशी झालेला वाद सांगतो, हा भाग गाळतो. त्या इस्त्रीच्या टीशर्टात तो माझी बॅग घेऊन अठरा होल चालला. सातव्या होलवर गुडघ्यावर बसून त्याने मला पटाची रेष दाखवली, "डावीकडं दोन बोटं," आणि चेंडू आत गेला. त्या दिवशी माझा ८४ स्कोअर झाला, त्या मैदानावरचा माझा सगळ्यात चांगला. संध्याकाळी त्याला नेहमीचे पैसे दिले, वर दोनशे दिले. त्याने मोजून खिशात ठेवले. पुढल्या आठवड्यात आम्ही पुन्हा सोयाबीनबद्दल बोललो.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स रविवारी गोल्फसाठी बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं त्यावर फिरतात, पोरं पळतात, कुत्री लोळतात. गोल्फचं माहेर समजतात ती जागा अशी, आणि आमच्याकडे त्याच खेळाच्या नावाने माणसाला टीवर अडवायचं. सार्वजनिक मैदान काढणाऱ्यांना मला सांगायचं आहे: अठरा होलांचा हट्ट सोडा, नऊ होलांची, सहा होलांची स्वस्त फी ठेवा, कॉलरचा नियम काढा, आणि जो पावती फाडेल त्याला खेळू द्या. पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलंच वापरा. अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात माणसांना गोड पाणी मिळत नाही, तिथे हिरवळीची भाषा करणं मला पाप वाटतं. छावण्यांच्या जुन्या मैदानांवर ग्रीनच्या जागी ब्राऊन असायचे, तेल मिसळून दाबलेली वाळू. चेंडू मारायच्या आधी तिच्यावरून गोणपाट ओढायचं. मी पाहुणा म्हणून तसं खेळलो आहे. चेंडू सरळ जातो आणि पाणी लागत नाही.

निवृत्तीनंतर मी नांदगावला परतलो. शिवणीजवळून समृद्धी महामार्ग गेला, नागपूर जवळ आलं, खेळायला जाता येतं. पण आता वाटतं, जाऊच नये. आमच्या गावात एकलव्य अकादमीची पोरं सत्तर मीटर जागेत धनुष्य ओढून देशासाठी खेळायला जातात. एवढ्या खेळासाठी शंभर एकर अडवून बसायचा आपल्याला काय हक्क, असं मीच दादाला रात्री सांगतो, आणि सकाळी मीच काठी घेऊन तुरीच्या रिकाम्या वावरात उभा असतो. एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात, चेंडू आत जातो तो हाताला लागत नाही. धुऱ्याकडे बांधाजवळ मी एक डबा गाडला आहे. होलाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, डबा जरा मोठा झाला. त्याच्याभोवतीची हरळी दोन वर्षांत मी खणलेली नाही.

मागच्या महिन्यात कॅडीला फोन केला. त्याचा गुडघा दुखतो, आता तो मैदानात काम करत नाही. म्हटलं, कारंज्याला आलास की इकडे ये, फी नाही, पावती नाही. तो हसला. "डबा बराबर बशवला का साहेब? पावसाचं पानी कुठं जाते ते पाह्यलं?" मी पाहिलं नव्हतं. "मीच येऊन पाहीन," म्हणाला. अजून आलेला नाही.

दादा काल वावरात आला, डब्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "पेरनीच्या आधी तेवढा डबा काढजो बाप्पा, डवऱ्यात अडकते."