शर्यतींचें बेट : आइल ऑफ मॅन

विलायतेच्या प्रवासास आम्ही निघालों तेव्हां घरांत एका प्रश्नानें ठाण मांडलें होतें. आमच्या पुतण्यानें पुण्याहून लेहपर्यंत मोटारसायकलीनें जाण्याचा हट्ट धरला होता. दादांनीं साफ नकार दिला, मुलगा आठवडाभर अबोला धरून जेवला आणि दोघांच्या मध्यें वहिनींचे हाल झाले. आमच्या प्रवासाच्या यादींत आइल ऑफ मॅनचें नांव पाहून त्या म्हणाल्या, "भावजी, मोटारसायकलींच्या शर्यती होतात तेंच ना हें बेट? मग त्या मुलांच्या आया काय म्हणतात, तेवढें विचारून या."

इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील समुद्रांत हें चिमुकलें बेट आहे. तें ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखालीं असलें, तरी त्याचें विधिमंडळ स्वतंत्र आहे. विमानतळावरून डग्लस या राजधानीकडे जातांना वाटेंत पऱ्यांचा पूल लागतो. तेथून जातांना पऱ्यांना नमस्कार न केल्यास विघ्न येतें, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या बसमधील मंडळींनींही ओठांतल्या ओठांत कांहीं पुटपुटून घेतलें. कसारा घाट चढून गेल्यावर घाटनदेवीपुढें हात जोडणाऱ्या आम्हांस त्यांत नवल वाटलें नाहीं.

शर्यतींना हेंच बेट कां सांपडलें, याचें उत्तर कायद्यांत आहे. १९०३ च्या ब्रिटिश कायद्यानें मोटारींस ताशी २० मैलांची मर्यादा घातली, आणि शर्यतीसाठीं सार्वजनिक रस्ते बंद करण्यास लंडनचें पार्लमेंट राजी नव्हतें. टिनवाल्ड या बेटाच्या विधिमंडळानें मात्र १९०४ सालीं तशी मुभा दिली. प्रथम मोटारी धांवल्या; पुढें २८ मे १९०७ रोजीं मोटारसायकलींची पहिली 'टूरिस्ट ट्रॉफी' झाली. तिचा प्रारंभ सेंट जॉन्स या गांवीं टिनवाल्डच्या टेकाडाजवळ झाला. हें टेकाड म्हणजे चार थरांचा, सुमारें १२ फूट उंचीचा हिरवागार उंचवटा. दर जुलै महिन्यांत तेथून नवे कायदे इंग्रजी व मॅन्क्स या दोन्ही भाषांत पुकारले जातात. ज्या जागीं कायदा पुकारायचा, तेथूनच साहसास निरोप द्यायचा, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटला.

त्या शर्यतीचा मूळ हेतु प्रवासाच्या गाड्या कसास लावण्याचा होता, हें तिच्या नांवावरूनच दिसतें. पेट्रोलही मोजून मिळे. एका सिलिंडरच्या गाडीनें एका गॅलनांत ९० मैल जावें असा हिशेब होता. चढावर इंजिनाचा दम तुटला, कीं स्वारानें सायकलीसारखें पायडल मारावें! चार्ली कॉलियर यांनीं घरच्या कारखान्यांत बनलेल्या मॅचलेस गाडीवर ताशी सरासरी सुमारें ३८ मैलांनीं ती शर्यत जिंकली.

१९११ सालीं शर्यत डोंगराच्या वाटेवर गेली. ही वाट पावणेअडतीस मैलांची असून तींत दोनशेंहून अधिक वळणें आहेत. आम्ही ती भाड्याच्या मोटारींतून फिरलों. डग्लसमध्यें घरांच्या रांगांमधून ब्रे हिलचा उतार एकदम कोसळतो. बॅलॉच्या पुलावर शर्यतींतील गाड्यांचीं दोन्ही चाकें जमीन सोडतात. रॅम्सेच्या वळणानंतर रस्ता स्नेफेल डोंगराच्या अंगानें सुमारें १,४०० फुटांवर चढतो, आणि तेथें धुक्यानें आम्हांस गांठलें. एका बाजूस दगडी गडगा, दुसऱ्या बाजूस उतार, आणि पुढचें वळण दिसेना! याच वाटेवर २०२३ सालीं पीटर हिकमन यांनीं एक फेरी ताशी १३६ मैलांहून अधिक सरासरीनें पुरी केली. आमची मोटार अगदीं बेतानें चालली असतांही आमचा हात दाराच्या कडीवरून सुटला नाहीं.

परंतु या वाटेची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. १९११ सालींच व्हिक्टर सरिज हा स्वार सरावांत मृत्युमुखीं पडला, आणि तेव्हांपासून या वाटेनें अडीचशेंहून अधिक स्वारांचे बळी घेतले आहेत. डॉ. एरिक गार्डनर यांनीं कॅनव्हास व लाखेचें शिरस्त्राण तयार केलें व १९१४ सालीं तें येथें सक्तीचें झालें. आज आपल्याकडे मुलें जें हेल्मेट आरशाला अडकवून हिंडतात, त्याच्या इतिहासाचें एक पान या बेटावर लिहिलें गेलें आहे.

वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्या बिऱ्हाडींच मिळालें. घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा दोन वर्षें शर्यतींत उतरला होता. शर्यतीच्या वेळीं दर वळणावर निशाणें घेऊन स्वयंसेवक उभे असतात, त्यांपैकीं त्या एक. आम्हीं भीतभीतच वहिनींचा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवला. चहा ओततां ओततां त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षीं मी खोलींत दार लावून बसलें. तें फारच वाईट. दुसऱ्या वर्षीं पिवळें निशाण हातीं घेतलें. भीति तेवढीच होती. पण हाताला काम होतें."

तें सारें आम्हीं त्याच रात्रीं वहिनींना कळविलें. लेहचा रस्ता कोणी आपल्या मुलासाठीं बंद ठेवणार नाहीं, तेथें ट्रक आहेत, दरडी आहेत, हेंही लिहिलें. मात्र त्याला शर्यत करावयाची नाहीं, प्रवास करावयाचा आहे, हेंही लिहिण्यास विसरलों नाहीं.

आम्ही परत आलों तों घरांत तह झाला होता. तिघांनीं मिळून जावें, अंधार पडल्यावर गाडी चालवूं नये, जेथें फोन लागेल तेथून रोज खुशाली कळवावी, अशीं कलमें दादांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहून काढलीं होतीं; खालीं मुलाची सही होती. निघण्याच्या दिवशीं पहांटे वहिनींनीं त्याच्या हातावर दही घातलें. मग कांहीं न बोलतां हेल्मेटचा पट्टा दोनदां ओढून पाहिला, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या फाटकांत उभ्या राहिल्या.