लाटणाऱ्या हातांचा हिशेब

पोळ्याच्या सुमारास मूग-उडीद घरात आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती सणापुरते दोन पैसे येतात. कपाशी आणि तूर मागाहून. हा उडीद आपण पोत्याने बाजारात घालतो आणि पुढे त्याचाच पापड पुड्याने विकत आणतो. मधला पैसा कोणाच्या घरी जातो, याचा विचार व्हावा म्हणून आज एका संस्थेची हकिगत सांगतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. शिक्षण बेताचे, गाठीला भांडवल नाही. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतले. पहिल्या वर्षाची विक्री भरली ६,१९६ रुपये. हीच आजची 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था. आज देशभरात तिच्या ४५ हजारांच्या आसपास सभासद बहिणी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या माउल्या म्हणतील, "त्यात काय मोठे? पापड तर आम्हीही लाटतो." अगदी खरे आहे. चैत्र-वैशाखात आपल्या गल्लीत एकीच्या घरी पापड असले की दहाजणी पोळपाट-लाटणे घेऊन जातात. पीठ कुटले जाते आणि पोरे तेलात बुडवून लाट्या खातात. उडीद तोच, पापडखार तोच, हातही तसेच. मग फरक पडला कशात? माझ्या समजुतीने तीन गोष्टींत.

पहिली गोष्ट, देणगी घ्यायची नाही. तोटा आला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही, असे त्या सातजणींनी सुरुवातीलाच ठरवले. उसने घेतले ते उसने म्हणूनच घेतले. फुकटच्या पैशाचा हिशेब कोणी नीट ठेवत नाही, हे आपण गावोगाव पाहतोच.

दुसरी, माल एकच आणि तो चोख. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब काटेकोर लिहा. पीठ आजही शाखेत एकाच प्रमाणाने मळले जाते. बहिणी सकाळी पीठ घरी नेतात, लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणतात. तिथे वजन होते, माल तपासला जातो आणि लाटणावळ हातात पडते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. लाटणारी तीच मालकीण. संस्थेची प्रतिज्ञा मान्य करणारी बाई सभासद होते. नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा आला तर तोही वाटून सोसायचा. पुरुष मंडळी तिथे गाडी चालवायला आणि हिशेब लिहायला आहेत, पण पगारावर. मालकी बायांचीच. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, तरी ही रीत बदलली नाही.

अडचणी त्यांनाही आल्या. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम चालले. बाया वाढल्या आणि गच्ची पुरेना, तेव्हा पीठ घरोघर देण्याची पद्धत निघाली.

आपल्याकडे बचत गट पुष्कळ झाले. काही उत्तम चालतात, काही एका उन्हाळ्यात आटोपतात. मेहकर तालुक्यातल्या एका गावी अशाच बंद पडलेल्या गटातल्या एका बाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, लाटाले आमी बाराजणी, अन् हिशोबाले एकटी. पैसा आला किती अन् गेला कुठं, आमाले कोनं सांगतलंच नाही." पापड त्यांचे उत्तम होते. गिऱ्हाईकही होते. मोडला तो विश्वास.

म्हणून भगिनींनो, गट काढाल तर यंत्राच्या आणि अनुदानाच्या आधी वही आणा. उडीद किती आला, पीठ किती झाले, पापड किती भरला, विक्री किती झाली, हे दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही तिलाही ते कळले पाहिजे. वजन सगळ्यांदेखत करा. उधारीचा धंदा करू नका. प्रमाण एकदा ठरले की कोणाच्या शब्दावर बदलू नका. आरंभ लहान असू द्या. लग्नसराई आहे, आठवडी बाजार आहे, शेगावला तर वर्षभर भाविक येत असतात. आपल्या शेतातला उडीद आपल्याच गटाने बाजारभावाने रोखीने घेतला, तर शेतकऱ्याचा हेलपाटा आणि हमाली वाचते.

आणि बंधूंनो, तुम्हालाही एक विनंती. घरातल्या बाईच्या गटाची वही तिच्याच हाती राहू द्या. सहीपुरती ती आणि व्यवहाराला तुम्ही, असे झाले की गट गटाचा राहत नाही. गाडी हाका, पोती उचला, चक्कीवर जा. मुंबईच्या त्या संस्थेत पुरुष हीच कामे करीत आले आहेत, आणि त्यांचे काही बिघडलेले नाही.