बाविसावं कलम

परवा रात्री ईटला जोरदार पाऊस झाला. आमच्या मधल्या खोलीवर अजून पत्रे आहेत. पाऊस लागला की टीव्ही कितीही मोठा करा, काही ऐकू येत नाही. लेक म्हणाली, "पप्पा, सगळ्यांच्या घरावर स्लॅब आहे, आपल्याच का नाही? तुम्ही तर अमेरिकेला होतात ना?"

म्हटलं, सांगतो कधीतरी. तिला सांगायच्या आधी इथे लिहून काढतोय. हाच प्रश्न बऱ्याच नातेवाईक मंडळींच्याही मनात आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. :)

तर ऑगस्ट २०१४ मध्ये मी टेक्सासमधल्या एका लहान गावी, हायस्कुलात गणित शिकवायला गेलो. जे-१ व्हिसा, आणि शाळेशी दरवर्षी नवा करार. पहिल्याच आठवड्यात पगाराचं काम बघणाऱ्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला, ८२३३ नंबरचा. माझ्या आधी आलेला एक केरळी मास्तर शेजारी बसला होता. तो म्हणाला, डोळे झाकून भर, भारतातून आलेल्या शिक्षकाला दोन वर्षं आयकर नाही. मी खरोखरच डोळे झाकून भरला.

टेक्सासला राज्याचा आयकर मुळातच नाही. केंद्राचा हा असा माफ. भारतात मी अनिवासी, त्यामुळे तिकडच्या पगारावर इथेही कर नाही. पगार जवळजवळ अख्खा हातात यायचा. मला वाटलं, सरकारं कधी नव्हे ती मास्तरावर खूश झालेली दिसतात!

दोन वर्षांनी परत यायचं असंच ठरलं होतं. पण २०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते वर्ष. आमच्या भूम तालुक्याचं निम्मं घरकारण दुधावर आणि खव्याच्या भट्ट्यांवर चालतं. बोअर आटला, दूध आटलं आणि अण्णा दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेले. सत्तरीचा माणूस. फोनवर म्हणायचे, "हितं बरंय, गप्पा मारायला माणसं हायत." अशा वेळी डॉलरमधला पगार सोडून कोण येतंय? मी तिसऱ्या वर्षाच्या करारावर सही केली. शाळेला कळवलं की आता माझी दोन वर्षं झाली, कर कापायला लागा. ऑगस्टपासून कर कापला जाऊ लागला. आपण किती व्यवस्थित माणूस आहोत, असंही वाटलं.

एप्रिल २०१७. त्या गावच्या लायब्ररीत मंगळवारी संध्याकाळी काही निवृत्त लोक फुकट विवरणपत्रं भरून द्यायचे. मी कागद घेऊन गेलो. समोर एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा होता. त्याने माझी देशात आल्याची तारीख विचारली. मग पुन्हा विचारली. मग म्हणाला, हे भरायची मला परवानगी नाही, आमच्या कामात बसत नाही, पण घरी जाऊन हे वाच. आणि एका कागदावर लिहून दिलं: प्रकाशन ९०१, भारत.

रात्री वाचलं. मग मूळ करार काढून वाचला. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ ला दिल्लीत झाला. त्यातलं बाविसावं कलम शिक्षक-प्राध्यापकांचं. मला वाटत होतं तसं 'पहिली दोन वर्षं माफ, तिसऱ्यापासून चालू' असं ते नाहीच. ज्याची भेट दोन वर्षांपेक्षा जास्त नाही, त्याला ती माफी. म्हणजे अट पगाराला नाही, मुक्कामाला आहे. मुक्काम लांबला की माफी मागे जाऊन, अगदी पहिल्या दिवसापासून रद्द! चिनी मास्तराला तीन वर्षं मिळतात आणि ती अशी उलटून अंगावर येत नाहीत. इंग्लंड-जर्मनीवाल्यांच्या करारात मात्र आपल्यासारखीच मेख आहे.

मुलांना रोज घसा फोडून सांगायचो, सूत्र वापरायच्या आधी अट बघा, छेदात शून्य नाही ना ते बघा. आणि स्वतः अट न वाचता सूत्र वापरून तीन वर्षं मोकळा!

हिशोब मांडला. २०१४ चे चार महिने, २०१५ अख्खं आणि २०१६ चा ऑगस्टपर्यंतचा भाग. व्याज धरून दहा हजार सहाशे डॉलरच्या घरात. त्या वेळच्या भावाने पावणेसात लाखांच्या वर. आणि माझी तीन वर्षांची शिल्लक बारा हजार डॉलर. स्लॅबची.

यातली खरी अडचण अशी की कुणीच काही विचारलं नव्हतं. ना पत्र, ना नोटीस. शाळेला पत्ता नव्हता. दोन महिन्यांत माझं परतीचं तिकीट होतं. केरळी मास्तर म्हणाला, तू आपला निघून जा. दाजींना फोन केला तर ते हसायलाच लागले. "कोण येतंय हो ईटला वसुलीला? भूमच्या स्टँडवर उतरून विचारणार का, मास्तर कुठं राहतेत म्हणून?"

शेवटी अण्णांना सांगितलं. वाटलं होतं ते एकदम म्हणतील, भरून टाक. आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे, तीत आजोबांच्या वेळच्या शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत. निजामाच्या राज्यातल्या, उर्दूत. घरात कुणाला एक अक्षर वाचता येत नाही, पण फेकायची कुणाची छाती नाही. पण अण्णा तसं काही म्हणाले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "दुष्काळात साऱ्याला सूट मिळती. त्येंच्यात नसती का? आपल्या गावची पैसेवारी पन्नासच्या खाली हाय म्हणावं."

मला हसू आलं आणि रडूही. अण्णांचं चुकलं कुठे? दुष्काळ नसता तर तिसरं वर्ष नसतं आणि तिसरं वर्ष नसतं तर ही थकबाकीही नसती. पण अमेरिकेच्या फॉर्मवर पैसेवारीचा रकाना नाही.

पैसे मी प्रामाणिकपणापायी भरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. निम्मी तरी भीती होती. उद्या पुन्हा व्हिसा मागायची वेळ आली तर, लेकीला शिकायला जायचं झालं तर. आणि उरलेलं कारण सांगायला जरा विचित्र आहे. तो मिशीवाला म्हातारा मला दर दोन दिवसांनी किराणा दुकानात दिसायचा. त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी काहीतरी थाप मारून सुटलो असतो.

बायको तेवढं म्हणाली, "भरा आणि या. पण मग यायचं ते यायचंच, परत तिकडं नाही."

२०१६ चं विवरणपत्र पूर्ण कर दाखवून भरलं. आधीच्या दोन वर्षांसाठी १०४०-एक्स नावाचे दुरुस्तीचे फॉर्म, सोबत चेक. दंड लागला नाही. व्याज वर्षाला तीन-चार टक्के. आपल्याकडे आयकर थकला तर महिन्याला एक टक्का लागतो, आणि खाजगीतल्या सावकाराचं तर विचारूच नका. त्या मानाने ते भलतंच सौम्य वाटलं. महिन्याभराने बँकेत पाहिलं, चेक वटले होते. बस्स. एवढं रामायण, आणि पलीकडून एक शब्द नाही.

जून २०१७ मध्ये परत आलो. इथे आल्यावर बार्शीच्या सीएने आणखी एक गंमत सांगितली. एप्रिल ते जूनचा अमेरिकेतला पगार आपल्या २०१७-१८ मध्ये येतो, आणि त्या वर्षी मी १८२ दिवसांहून जास्त भारतात. म्हणजे निवासी. तो पगार इथल्या विवरणपत्रातही दाखवायचा, आणि तिकडे भरलेला कर वळता करून घ्यायला आधी फॉर्म ६७. या वेळी मात्र मी सगळ्या अटी वाचल्या. दोनदा.

दाजी अजूनही पाहुण्यांत माझी ओळख करून देताना म्हणतात, "हे आमचे मेहुणे. अमेरिकेला पैसे देऊन आलेत." सगळे हसतात, मीही हसतो. पहिली दोन वर्षं हसू येत नव्हतं.

अण्णांनी मात्र त्या १०४०-एक्सच्या झेरॉक्स मागून घेतल्या आणि ट्रंकेत पावत्यांवर ठेवून दिल्या. त्याही त्यांना वाचता येत नाहीत.

असो. मिस्त्री काल येऊन मधल्या खोलीचं माप घेऊन गेलाय. आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. दिवाळीनंतर बघू म्हणतोय.